घाटात गाडी लागते का?

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पेशंटला हमखास विचारते, "घाटात गाडी लागते का?" लोक हसतात. पण ज्यांना गाडी लागते, त्यांना भूल उतरल्यावर मळमळण्याचा धोका जास्त. त्यातून पेशंट बाई असेल, सिगारेट ओढत नसेल आणि नंतर मॉर्फिनसारखी औषधं लागणार असतील, तर काहीच उपाय न केल्यास शंभरातल्या सुमारे ८० जणींना मळमळ किंवा उलट्या होतात. पोटाला ताजे टाके आणि वर उलटीचे उमाळे! ज्यांनी भोगलंय त्यांनाच ते ठाऊक.

अशाच एक काकू म्हणाल्या, "डॉक्टर, मला उलटीचं इंजेक्शन नको. हा पट्टा आहे ना!" पट्ट्याला आतून एक बटण होतं. ते दाबतं ती जागा अ‍ॅक्युपंक्चरमधली 'पी-सिक्स', चिनी नाव नेइगुआन. मनगटाच्या घडीपासून स्वतःची तीन बोटं वर, तळहाताच्या बाजूला, दोन कंडरांच्या मधे. बोट ठेवून बघा, सापडेल.

हे थोतांड म्हणून मला झटकता आलं असतं. पण बेलफास्टचे भूलशास्त्राचे प्राध्यापक जॉन डंडी यांनी १९८६ मध्ये छोट्या स्त्रीरोग शस्त्रक्रियांच्या वेळी इथे सुई टोचून पाहिली, आणि खोट्या जागी टोचल्यापेक्षा उलट्या कमी झाल्या. पुढे त्यांनी त्याच जागी बधिर करणारं औषध दिलं, तर परिणाम नाहीसा झाला. मला हा प्रयोग फार आवडतो. नुसत्या विश्वासाचा खेळ असता, तर कातडी बधिर केल्याने काय बिघडलं असतं?

हाँगकाँगच्या अ‍ॅना ली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कॉक्रेनसाठी ५९ चाचण्या तपासल्या. एकूण ७,६६७ माणसं. खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळ सुमारे ३२ टक्क्यांनी आणि उलट्या ४० टक्क्यांनी कमी. मात्र हा पुरावा कमी दर्जाचा, असं त्यांनीच लिहिलं. अडचण उघड आहे: सुई टोचणाऱ्याला खरी जागा माहीत असते. खोटी गोळी बनवता येते, खोटी सुई बनवणं अवघड.

उलटीच्या औषधांशी तुलना केली, तेव्हा ठळक फरक दिसला नाही. काकूंच्या भाचीने नेमकं एवढंच वाचलं होतं. "मग इंजेक्शन कशाला?" हा तिचा प्रश्न रास्त होता. मी तिच्यासमोर कागदावर गणित मांडलं. काकूंना चारही धोके लागू होते. ८० मधला तिसरा हिस्सा वाचला, तरी पन्नासच्या वर उरतात. एकट्या इंजेक्शननेही हे भागत नाही, म्हणून अशा पेशंटला आम्ही एकाहून जास्त उपाय देतो. पट्ट्याला दुष्परिणाम जवळपास नाहीत, फार तर थोडी लाली. त्यामुळे तो जोडीला घ्यायला माझी हरकत नव्हती. बदली म्हणून मात्र होती. आणि याच ठिपक्यावर रक्तदाबापासून निद्रानाशापर्यंत सगळं बरं करायला निघालेल्यांना या ५९ चाचण्यांचा आधार घेता येणार नाही. त्या फक्त ऑपरेशननंतरच्या उलट्यांच्या आहेत.

काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, पण पट्टा काढायचा नाही हं."

नाही काढला. सलाइनची सुई दुसऱ्या हाताला लावली.