हातात किती आणि पदरात किती?

(परिचारिकांच्या एका मेळाव्यात निवृत्त परिचारिका असलेल्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



भाषण करायची मला सवय नाही. छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. तिथे बोलायचं कमी आणि धावायचं जास्त. पण "नोकरी सरकारी बरी की खाजगी?" हा विषय समजला आणि मी लगेच हो म्हटलं. कारण मी दोन्हीकडचं मीठ खाल्लं आहे. पहिली सहा वर्षं एका खाजगी नर्सिंग होममध्ये आणि पुढची तीस वर्षं सरकारी रुग्णालयात.

आपल्याकडे पगार विचारला की एकच प्रश्न असतो, "हातात किती पडतात?" सासू तेच विचारते, शेजारीण तेच विचारते. आपणही तेवढाच आकडा सांगतो. आज मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. हातात किती ते झालं, पदरात किती?

माझीच गोष्ट सांगते. १९९१ साल. पहिल्या खेपेला पाचवा महिना लागला, पोट दिसायला लागलं. डॉक्टरीणबाई (बाईच होत्या, मुद्दाम सांगते) म्हणाल्या, "सिस्टर, आता तुम्हाला रात्रपाळी झेपायची नाही. घरी आराम करा. बाळ जरा मोठं झालं की या, तुमचंच नर्सिंग होम आहे." मला त्यांचा केवढा आधार वाटला! चार महिन्यांच्या लेकाला आईकडे ठेवून मी पेढे घेऊन गेले, तर माझ्या जागी दुसरी मुलगी उभी. पेढे वाटले आणि परत आले. सहा वर्षांच्या नोकरीचा माझ्याकडे एक कागद नव्हता. नेमणुकीचा नाही, काढल्याचाही नाही.

प्रसूती लाभाचा कायदा १९६१ सालचा. म्हणजे तेव्हा तो तीस वर्षांचा झाला होता. आम्ही तिथे चौदा माणसं कामाला होतो, म्हणजे तो आम्हाला लागूही होता. पण ना मला माहीत होतं, ना कुणी सांगितलं. पुढे सरकारी नोकरी लागली. दुसऱ्या खेपेला मी एक अर्ज लिहिला आणि भरपगारी रजा मिळाली. कुणाचे उपकार नाहीत, कुणाला पेढे नाहीत. बाई तीच, पोट तेच. फरक एवढाच की इथे नियम कागदावर होता आणि तो कागद कुणीतरी पाळत होतं.

आता आजच्या तीन मुली डोळ्यांसमोर आणा. तिघींचं शिक्षण एकच, जीएनएम. तिघींची नोंदणी एकाच महाराष्ट्र परिचर्या परिषदेत. पहिली राज्य सरकारच्या रुग्णालयात कायम. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तिचा मूळ पगार ३५,४०० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि दरवर्षी वेतनवाढ. वर्षाला ८ किरकोळ रजा, ३० अर्जित रजा. बाळंतपणाची १८० दिवसांची भरपगारी रजा. २०१८ पासून मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवेत आणखी १८० दिवस.

दुसरी खाजगी रुग्णालयात. समजा, तिला १८,००० मिळतात. पहिलीच्या नुसत्या मूळ पगाराच्या जवळजवळ निम्मे. पण मी म्हणते, हा फरक निदान दिसतो तरी. न दिसणारा फरक पुढेच आहे.

खाजगीत बाईचे हक्क डोकी मोजून ठरतात. दहा किंवा अधिक माणसं असतील तर राज्य विमा, ग्रॅच्युइटी, प्रसूतीची रजा. वीस असतील तर भविष्य निर्वाह निधी. पन्नास असतील तर पाळणाघर. म्हणून मग बारा जणी राबतात आणि हजेरीपटावर नावं सात! उरलेल्या पाच कोण? तर "शिकाऊ". चार-चार वर्षं शिकाऊ!

दुसरी युक्ती पगाराच्या चिठ्ठीची. १८,००० रुपयांतले मूळ पगार म्हणून फक्त ६,००० दाखवायचे, बाकी सगळे भत्ते. ग्रॅच्युइटी निघते ती दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराने, महिन्याचे २६ दिवस धरून. दहा वर्षांनी नोकरी सोडलीत तर ६,००० वर मिळतात साधारण ३४,६०० रुपये. तेच पूर्ण १८,००० धरले असते तर १ लाख ३ हजारांच्या वर मिळाले असते. हातात तेवढेच पडत होते, पदरातून मात्र सत्तर हजार सांडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यांत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं म्हटलं आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, असंही आहे. चांगलं आहे. पण १९६१ च्या कायद्याने मला काय दिलं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. कायदा आपण मागितल्याशिवाय चालत येत नाही.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. २०१७ साली खाजगीतली प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. आपण सगळ्यांनी आनंद मानला. पण हा पगार द्यायचा कुणी? बाई राज्य विम्यात असेल तर विमा महामंडळ देतं. पण तिथे पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. बावीस हजारवाली बाई विम्याबाहेर, तिचा सगळा खर्च एकट्या मालकावर. मग मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "लग्न झालंय का? मुलं किती?" सरकारी रुग्णालयात हा खर्च तिजोरीतून जातो, म्हणून मेट्रनला तुमच्या पोटाची धास्ती नसते. मूल समाजाचं असेल तर त्याचा खर्चही समाजाने वाटून घ्यायला हवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारातही हेच तत्त्व आहे, की हा भार एकट्या मालकावर टाकू नये. विम्याची मर्यादा वाढवा, ही मागणी म्हणूनच आपली आहे.

यावर कुणी म्हणेल, सरकार मायबाप आहे, सरकारी नोकरीत बाईचं भलंच होतं. नाही हो! आज जे सरकारी नोकरीत मिळतं ते भांडून मिळालेलं आहे. एअर इंडिया सरकारी कंपनी होती, तेव्हा तिच्या हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच घरी बसवायचा नियम होता. १९८१ साली नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आयुर्विमा महामंडळ नोकरीच्या अर्जात बायकांना पाळीच्या तारखा विचारत असे. त्याबद्दल १९९१ साली न्यायालयाने कान उपटले. आणि खाजगीतही भांडलेल्या बायका आहेत. मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. त्याच कामाला पुरुषांना जास्त पगार, म्हणून त्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीविरुद्ध लढल्या आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या.

आता तिसरी मुलगी. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ती सरकारी रुग्णालयातच आहे, पहिलीच्याच वॉर्डात, पण कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये ब्रेक, पुन्हा ऑर्डर. तिला पगार नाही, मानधन. आणि शब्दाचा खेळ बघा. अंगणवाडीची योजना १९७५ ची, आशा ताई २००५ नंतरच्या. या लाखो बायका सरकारचंच काम करतात, पण सरकार त्यांना कर्मचारी म्हणत नाही. सेविका म्हणतं, स्वयंसेविका म्हणतं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचं एप्रिल २०२२ उजाडावं लागलं. आणि तरी महाराष्ट्रात त्यांना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावं लागलं. पहिलीलाही सगळं मिळतं असं नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागली असेल तर माझ्यासारखी जुनी पेन्शन तिला नाही. त्यासाठी मार्च २०२३ चा संप झाला.

म्हणजे खरी रेघ सरकारी आणि खाजगी यांच्यामध्ये नाही. ती कायम आणि तात्पुरती यांच्यामध्ये आहे. आणि रेघेच्या पलीकडे बायकाच जास्त दिसतात, कारण "बाईचा पगार म्हणजे घराला हातभार" असं मालकही समजतो, सरकारही समजतं, आणि खरं सांगू का, आपणही समजतो.

न्यायालयाने आपल्या बाजूने सांगून ठेवलं आहे. हंगामी कामगाराने कायम कामगाराचंच काम केलं तर त्याला त्या श्रेणीचा किमान पगार मिळायला हवा, असा निकाल ऑक्टोबर २०१६ मध्ये झाला. त्याच वर्षी न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राच्या समितीने खाजगी परिचारिकांसाठी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. त्याहून लहान ठिकाणी निदान २०,००० रुपये. केरळातल्या परिचारिका २०१७ साली संघटित होऊन उठल्या, तेव्हा २०१८ साली तिथल्या सरकारने किमान २०,००० ची अधिसूचना काढली. शिफारस होती कागदावर, ती उठवली बायकांनी.

शेवटी एक काम सांगते. आज घरी गेल्यावर एका कागदावर लिहा. माझ्याकडे नेमणूकपत्र आहे का? पगाराची चिठ्ठी मिळते का, तिच्यात मूळ पगार किती? भविष्य निर्वाह निधीचा नंबर आहे का? विम्याचं कार्ड? हजेरीपटावर माझं नाव आहे का? रजा किती? बाळंतपणाला काय मिळेल? सोडताना काय मिळेल? जिथे "माहीत नाही" असेल तिथे फुली मारा. मग तो कागद शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवा. सरकारीवालीने कंत्राटीवालीला दाखवा, लपवू नका. आपला पगार एकमेकींना सांगायची लाज सोडली, तर अर्धं काम झालं.

माझ्या त्या नर्सिंग होममध्ये माझ्या जागी जी मुलगी उभी होती, तिच्याशी मी एक शब्द बोलले नाही. मला तिचा राग आला होता. दोन वर्षांनी तिलाही तसंच घरी पाठवलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी पेढ्यांऐवजी मी तिला चार गोष्टी सांगितल्या असत्या तर? पण सांगायला मलाच माहीत नव्हत्या. आता आहेत. म्हणून आज आले.