अर्थ कोणाला विचारावा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय शब्दार्थ. म्हणून आज मी एका कल्पित भाषेच्या निमित्ताने चार विचार मांडणार आहे.

‘स्टार ट्रेक’ चित्रपटमालेतील क्लिंगॉन नामक परग्रहवासी योद्ध्यांची भाषा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या चित्रपटासाठी रचली. १९८५ साली तिचा कोश निघाला आणि हौशी अभ्यासक ती शिकू लागले. साहजिकच अर्थांविषयी शंका निघाल्या. उदाहरणार्थ, ‘नुक्नेख’ हे त्या भाषेतील अभिवादन. शब्दशः अर्थ मात्र ‘तुला काय हवे?’ मग त्याला ‘नमस्कार’ म्हणावे काय? नाही. या योद्ध्यांना स्वागताचे उपचारच ठाऊक नाहीत. ते थेट कामाचे विचारतात. बोलणाऱ्याचा स्वभाव कळल्यावाचून शब्दाचा अर्थ उलगडत नाही, तो असा.

गंमत पुढेच आहे. ‘हा अर्थ मी ठरवला’ असे ओक्रँड म्हणत नाहीत. माल्ट्झ नावाच्या बंदिवान क्लिंगॉनकडून आपल्याला ही माहिती मिळते, अशी कल्पना त्यांनी कोशापासून जपली आहे. अर्थाचा अंतिम अधिकार पंडिताचा नव्हे, बोलणाऱ्याचा!

या विनोदामागे मला एक गंभीर छाया दिसते. याच ओक्रँड यांनी १९७७ साली बर्कले विद्यापीठात मुत्सुन या कॅलिफोर्नियातील मूलनिवासींच्या भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, असेन्सिओन सोलोर्सानो, १९३० साली निवर्तल्या होत्या. त्यांच्या अखेरच्या काळात जॉन हॅरिंग्टन यांनी टिपणे करून ठेवली, म्हणून पुढच्यांच्या हाती काही उरले. पण टिपणांना प्रतिप्रश्न विचारता येत नाही. कल्पित भाषेला शंका निरसणारा माल्ट्झ लाभला. खऱ्या भाषेला कोणी उरले नव्हते. मुत्सुन लोकांचे वंशज आज त्याच कागदांवरून आपली भाषा पुन्हा शिकत आहेत.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या नांदलेल्या आपल्या मराठीची स्थिती सुदैवाने तशी नाही. तरीही सावध असावे. ‘उतरंड’ म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, हे कोश सांगेल. आपल्या घरच्या उतरंडीत तळाच्या मडक्यात काय असे आणि माथ्यावरच्यात काय, हे मात्र आजीच सांगेल. माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे: घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एक तरी शब्द विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. गुरुजींना याहून वेगळी आदरांजली रुचली नसती.