शिंकेची भीती

आजचा विषय आपल्याकडे घरातसुद्धा दबक्या आवाजात निघतो. म्हणून मी तो रेडिओवर बोलायचं ठरवलं.

माझी धाकटी मुलगी जन्मली ती बराच वेळ कळा देऊन, शेवटी चिमटा लावून. बाळ सुखरूप, सगळे खूश. रजा संपवून शाळेत रुजू झाले आणि फळ्यापुढे उभी असताना शिंक आली. साडी ओली झाली. चौथीच्या मुलांना काही कळलं नाही. मला मात्र तास संपेपर्यंत खुर्चीवरून उठवेना. मग सहली बंद झाल्या. एसटीनं जायचं तर सकाळपासून पाणी बंद. सासूबाई म्हणाल्या, "बायकांना होतंच असं. आम्ही काय कुणाला सांगत बसलो?" सहा वर्षं मीही तेच मानलं.

अखेर एका डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या नसांपासून प्युडेंडल नावाचा मज्जातंतू तयार होतो. लघवी आणि शौच रोखणाऱ्या स्नायूंना आपला हुकूम पोचतो तो याच्यातून. बाळाचं डोकं फार वेळ अडलं किंवा चिमटा लावावा लागला, तर तो ताणला जातो, स्नायूही दुखावतात. बऱ्याच जणींचा तो काही महिन्यांत सावरतो, काहींचा अर्धवटच. मज्जातंतू पुन्हा वाढतो तोही दिवसाला साधारण १ मिलिमीटर!

त्यांनी व्यायाम शिकवला. अर्नोल्ड केगल या अमेरिकी डॉक्टरांनी तो १९४८ मध्ये मांडला होता. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचे, पाच आकडे मोजायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाताला कुकर लावला की माझी एक पाळी होई. चौथ्या महिन्यात फरक जाणवला. पूर्ण बरी झाले असं नाही म्हणणार, पण पाणी पोटभर पिते.

एक मात्र ध्यानात ठेवा. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी होईनाशी झाली, तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कण्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो.

पुढे त्याच मुलीला बाळ झालं. सव्वा महिन्यानं मी विचारलं, "शिंकताना त्रास होतो का गं?" ती लाजली. मग म्हणाली, "होतो, आई." दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. तिची सहा वर्षं वाचली.