पाणी कुठून येतं ते आधी बघा



मी कळमनुरीकडच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलामुलींची सहल औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला नेली होती. औंढा, जिंतूर, जालना असा एसटीचा रस्ता. त्या सहलीबद्दल बोला, असं मला संयोजकांनी सांगितलं. प्रवासवर्णन मी करणार नाही. एका मुलीने मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तुमच्यापुढे मांडतो.

भडकल दरवाजापाशी आम्ही उभे होतो. नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ये सब अपना है क्या?"

हा प्रश्न साधा नाही. तिच्या घरातल्या फोनवर रोज दोन आवाज येतात. एक म्हणतो, हे सगळं परक्यांचं. दुसरा म्हणतो, हे फक्त आमचं. पंधरा वर्षांच्या मुलीने यातला कोणता आवाज उचलायचा? मी तिला म्हटलं, "बेटा, उत्तर संध्याकाळी देतो. आधी बघू."

पहिल्यांदा तो दरवाजाच बघा. तो मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. मलिक अंबर कोण? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला माणूस. त्याने १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी हे शहर वसवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने मोगलांविरुद्ध लढले. शहरातल्या मालपुरा, परसपुरा, विठापुरा या जुन्या वस्त्यांना मराठा सरदारांची नावं होती. अंबर १६२६ मध्ये वारला. ज्या मोगलांशी तो आयुष्यभर लढला, त्यांच्याच औरंगजेबाचं नाव पुढे या शहराला मिळालं आणि १६८२ च्या सुमारास शहराभोवती मोठा कोटही मोगलांनीच घातला. अंबरने सुरू केलेली जामा मशीद औरंगजेबाने वाढवली. म्हणजे दोन शत्रूंचं काम एकाच छपराखाली आहे, आणि लोक आजही तिथे नमाज पढतात. या शहरात एकच बाजू शोधायला निघालात, तर पहिल्याच दरवाजात अडखळाल.

आणि त्याच भडकल दरवाजाजवळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे किती माणसं लोटतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालयही याच शहरात आहे. जुन्या दगडाशेजारी नवा इतिहास उभा राहतो, तेव्हा शहर जिवंत असतं.

तिथून आम्ही पाणचक्कीला गेलो. बहुतेक लोक तिथे हौदापाशी फोटो काढून परततात. मी मुलांना म्हटलं, हे पाणी कुठून येतं ते आधी शोधा. मलिक अंबरने डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, मातीच्या नळांतून शहरात आणलं होतं. ती नहर-ए-अंबरी. पुढे अठराव्या शतकात त्याच पद्धतीने पाणचक्कीला पाणी आलं. पंप नाही, वीज नाही. उताराच्या जोरावर पाणी वाहतं, दाबाने वर चढतं, उंचावरून कोसळतं आणि खालचं चाक फिरवतं. त्या चाकावर जातं चालायचं. पीठ कुणासाठी? तिथल्या दर्ग्यात, म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमध्ये येणारे वाटसरू, फकीर आणि अनाथ यांच्यासाठी.

मुलं गप्प झाली. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी मुलं ती. पाण्याची किंमत त्यांना पुस्तकातून शिकावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मक्बरा. १६६० च्या सुमारास बांधलेली, दिलरस बानू बेगम यांची कबर. "हा गरिबांचा ताजमहाल," असं कुणीतरी म्हणालंच. मी मुलांना मुख्य दरवाजावरच्या लेखाची गोष्ट सांगितली. त्यात दोन नावं आहेत: अताउल्लाह आणि हंसपत राय. एक वास्तुकार, एक अभियंता. राजांची नावं आपण पाठ करतो. ज्यांच्या हिशोबावर घुमट उभा राहिला, त्यांची ही दोन नावंही पाठ करा.

जिवंत परंपरा बघायची असेल तर हिमरूच्या मागापाशी जा. सुती ताणा, रेशमी बाणा. किनखाबाचा थाट, पण सोन्या-चांदीच्या तारेशिवाय. हातमागावर विणणारी घरं आता मोजकीच उरली आहेत. आम्ही गेलो तिथे एक वयस्क चाचा विणत होते. मुलांनी विचारलं, "आपके बच्चे सीखे क्या?" ते हसले, उत्तर दिलं नाही. रात्री नान-खलिया खाताना मुलं त्या चाचांबद्दलच बोलत होती.

तेव्हा मी त्या मुलीला उत्तर दिलं. म्हटलं, "आपलं आहे का, हे बापजाद्यांच्या नावावरून ठरत नाही. जो सांभाळतो, त्याचं ते. अंबरने नहर आणली, पण नंतर शेकडो माणसांनी तिचे नळ साफ केले, म्हणून ती टिकली. त्या माणसांची नावं कुठेही नाहीत. ते कुणाचे होते, असं पाण्याने विचारलं नाही."

मित्रांनो, ५२ दरवाजांचं शहर म्हणून त्याची ख्याती. त्यातले कितीतरी दरवाजे आज नाहीत. कोट तर तुकड्यातुकड्यानेच दिसतो. दगड कुणी एका दिवसात नेले नाहीत. रोज थोडे गेले आणि रोज बघणारे गप्प बसले. आपल्या गावांतही तेच चाललंय. जुन्या मशिदीवरचा फारसी लेख ऑइलपेंटखाली जातो. बारव कचऱ्याने भरते. आजीला माहीत असलेली दखनी गाणी तिच्याबरोबर जातात. यात आपल्याला अडवणारा कुणी नसतो. आपणच हात लावत नाही.

म्हणून चार कामं सांगतो. एक, आपल्या गावातली जुनी मशीद, दर्गा, बारव, वाडा यांचे फोटो आणि मोजमाप वहीत उतरवा. दोन, रंग देण्याआधी लेखाचा फोटो काढा आणि फारसी किंवा मोडी जाणणाऱ्याला दाखवा. तीन, घरातल्या सर्वात वयस्क माणसाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, दखनीत असो की मराठीत. चार, जे कळलं ते मराठीत लिहा. आपल्या शेजाऱ्याला वाचता येईल अशा मराठीत. नरसी नामदेवची वारी करणारा शेजारी मलिक अंबरबद्दल तुमच्याकडून ऐकू दे आणि तुम्ही नामदेवांबद्दल त्याच्याकडून ऐका.

त्या मुलीने परत आल्यावर गावातल्या बारवेच्या पायऱ्या मोजायला घेतल्या. खालच्या पायऱ्या गाळात आहेत, म्हणून मोजणी अर्धीच राहिली. येत्या उन्हाळ्यात गाळ काढायचा आहे. घमेली आमच्याकडे आहेत, हात कमी पडतील. ज्यांना यायचं आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा.