नव्या द्राक्षाची पारख



थंडी ओसरू लागली आणि मण्यांत गोडी भरली, की निफाड-दिंडोरीकडच्या बागांतून एक गोष्ट हमखास कानी येते. "अहो, आमच्या एका झाडाला वेगळेच घड आलेत. जरा चाखून बघा." मी चाखतो, पण चाखल्याबरोबर मत देत नाही. त्याचं कारण माझ्याच बागेत घडलेलं आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी थॉमसनच्या एका झाडाला लांबट, भरदार मणी आले. घरच्यांनी चाखले, शेजाऱ्यांनी चाखले. सगळे म्हणाले, नवी जात सापडली! त्या झाडाच्या काड्या घेऊन मी अर्धा एकर कलमं भरली. ती फळावर यायला दोन वर्षं गेली, आणि मणी आले ते नेहमीच्या थॉमसनचेच. मूळ झाड खताच्या खड्ड्याशेजारी होतं, त्या साली त्यावर घडही मोजके होते. मणी पोसले ते त्यामुळे. कर्ज मात्र माझ्या नावावर राहिलं.

म्हणून अशा झाडाकडे डोळेझाक करावी काय? मुळीच नाही. तास-ए-गणेश ही जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेत थॉमसनमधूनच निवडली गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या नानजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून सोनाका निवडली, आणि किशमिश चोर्नीमधून काळी शरद सीडलेस. काडीवरच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो आणि कलम केल्यावरही तो टिकतो. तुमच्या झाडातला बदल असा आहे, की नुसता खतापाण्याचा, एवढंच ओळखायचं.

त्यासाठी अर्धा एकर नको, आठ-दहा कलमं पुरेत. ती एकाच खुंटावर भरावीत आणि शेजारी तितकीच जुन्या जातीची ठेवावीत. माती, पाणी, छाटणी सारखी. झाडावर घडही सारखेच. आणि एक लक्षात ठेवा, दोन्हींकडचे काही घड जिब्रेलिक अॅसिडात न बुडवता तसेच राखायचे. बुडवलेला मणी फुगतो, मग जातीचा गुण कोणता आणि औषधाचा कोणता हे कळत नाही. निदान तीन हंगाम तरी हे चालू द्या. एखाद्या साली अवकाळी पाऊस होतो. कोणत्या जातीचा मणी तडकतो ते त्या सालीच दिसतं.

आता मोजमाप. एकाच घडाचे वरचे मणी बहुधा खालच्या टोकापेक्षा आधी पिकतात. दाखवणारा नेहमी वरचाच मणी तोडून देतो, बरं का! तेव्हा वर, मध्ये, खाली, उन्हातले, सावलीतले असे मिळून शंभर मणी घ्यावेत. त्यांचं वजन करावं, जाडी मोजावी, रस काढावा. रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्यावर शून्याला आणून मग रसाचा थेंब ठेवावा. १८ अंश ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, त्यात बहुतांश साखर.

पण साखर म्हणजे चव नव्हे. गुरुजी, इथे तुमची प्रयोगशाळा उपयोगी पडेल. १० मिलीलिटर रसात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलीलिटर लागतील त्यांना ०.०७५ ने गुणा. १०० मिलीलिटर रसातलं आम्ल टार्टारिकच्या हिशेबात ग्रॅममध्ये मिळतं. ८ मिलीलिटर लागले तर ०.६, १२ लागले तर ०.९. दोन्ही रस १८ ब्रिक्सचे असले तरी पहिल्यात साखर-आम्लाचं प्रमाण ३०, दुसऱ्यात २०. जीभ हा फरक ताबडतोब सांगते, कारण सांगत नाही. काळ्या द्राक्षाचा रस मात्र गाळून, पाणी घालून फिका करावा, नाहीतर गुलाबी रंग दिसायचाच नाही.

आंबटपणा हा दरवेळी दोष असतो असंही नाही. हंगेरी-पोलंडकडे आंबट चेरीची नवी जात निवडताना आम्ल हवंच असतं. तिचा रस आणि मुरंबा त्यावरच उभा असतो. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ काढली, तिचा रस चांगला. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिकाही रसासाठीच. त्यांना खाण्याच्या द्राक्षाच्या मापाने मोजणं अन्याय होईल.

खाण्याच्या द्राक्षाची मात्र आणखी एक कसोटी घ्या. घड पेटीत भरून चार दिवस घरात ठेवा. मग देठाला धरून कागदावर हलकेच झटका आणि गळालेले मणी मोजा. बागेत सर्वांना आवडलेलं एक झाड आम्ही गेल्या हंगामात याच कारणाने वहीतून खोडलं.