रास्त दराची पारख : घराच्या वाढीव खोलीचे अंदाजपत्रक



गगनबावडा तालुक्यात घराचे काम काढावयाचे म्हणजे प्रथम आभाळाकडे पाहावे लागते. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडणारा हा सह्याद्रीच्या कड्यावरील मुलूख. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत येथे बांधकाम जवळजवळ थांबते. दिवाळीनंतर पाया खणावयाचा आणि मृगापूर्वी छप्पर पुरे करावयाचे, एवढीच सवड गवंड्याला व घरमालकाला मिळते. घरात लग्न ठरलेले असते किंवा वृद्ध आईवडिलांसाठी वेगळी खोली हवी असते. अशा घाईत ठेकेदार एका चिठोऱ्यावर एकच आकडा लिहून देतो आणि घरमालक तो मान्य करतो. पुढे काम अर्ध्यावर अडले व पाऊस आला, तर पैसा खर्च झालेला असतो आणि उघड्या भिंती भिजत राहतात. म्हणूनच दर रास्त आहे की नाही याची पारख पाया खणण्यापूर्वी झाली पाहिजे.

एकाच आकड्याची पारख करता येत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुने पाडकाम, खोदाई, पाया, जोते, भिंती, स्लॅब किंवा छप्पर, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, वीज, नळ आणि रंग अशी प्रत्येक बाब वेगळी मांडून घ्यावी. प्रत्येक बाबीपुढे परिमाण, दर आणि रक्कम असावी. दर मालासह आहे की केवळ मजुरीचा आहे, वाहतूक, पाणी, सेंट्रिंग आणि वस्तू व सेवा कर त्यात धरले आहेत काय, हेही लिहून घ्यावे. बहुतेक तंटे दरावरून होत नाहीत. न लिहिलेल्या बाबींवरून होतात.

दुसरी बाब मापाची. जुन्या घराला लागून बाहेरच्या मापाने १५ फूट लांब व १२ फूट रुंद खोली वाढवावयाची आहे, असे समजू. बाहेरून तिचे क्षेत्र १८० चौरस फूट भरते. नव्या तीन भिंती नऊ इंची धरल्या, तर आतील वापराची जागा सुमारे १५२ चौरस फूट उरते. तीन बाजूंना दीड फूट स्लॅब बाहेर काढला, तर स्लॅबचे क्षेत्र २४३ चौरस फूट होते. खोली एकच, मापे मात्र तीन. एका ठेकेदाराने बाहेरच्या मापाने दर सांगितला आणि दुसऱ्याने त्याहून दहा टक्के कमी दर सांगून स्लॅबच्या मापाने मोजणी केली, तर दुसऱ्याचे काम एकवीस टक्क्यांहून अधिक महाग पडते. वरवर मात्र तोच स्वस्त वाटतो. म्हणून चौरस फुटाचा दर ऐकताच ‘मोजणी कोणत्या मापाची?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मालाचा हिशेबही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा नाही. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. वरील २४३ चौरस फुटांचा स्लॅब सर्वत्र पाच इंच जाडीचा धरला, तर त्याला सुमारे एक ब्रास काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणात एका ब्रासला पन्नास किलोची साधारण २२ ते २३ पोती सिमेंट लागते. तुळयांचा हिशेब वेगळा. केवळ स्लॅबसाठी कोणी चाळीस पोती मांडली तर कारण विचारावे. कोणी पंधराच मांडली तर अधिक काळजीने विचारावे. सळईचे वजनही पडताळता येते. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ ने भागले, की एका मीटरचे किलोतील वजन मिळते. बारा मिलिमीटरच्या सळईचे ते सुमारे ०.८९ किलो येते. अंदाजपत्रक जुने असेल तर तेही नव्याने तपासावे. कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

तथापि दर जास्त दिसला म्हणजे ठेकेदार लबाडच आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. सिमेंट, सळई कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटर अंतर तोडून येते. कोकणातील जांभ्याचा चिरा घाट चढून येतो. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी वाहतुकीस बंद राहिला, तेव्हा वाहनांना वळसा घ्यावा लागला. असा वळसा अखेर मालाच्या किमतीत उतरतोच. शिवाय वाढीव खोली ही नव्या घरापेक्षा चौरस फुटाला महाग पडणे स्वाभाविक आहे. मिक्सर व सेंट्रिंग आणण्याचा खर्च लहान कामावरही तेवढाच येतो. जुने छप्पर टेकू देऊन सावरावे लागते. नवा पाया जुन्यापेक्षा वेगळा दबतो, त्यामुळे सांध्याला भेग पडू शकते. जुने कौलारू छप्पर व नवा स्लॅब जेथे मिळतात, तेथील पन्हाळ नीट झाली नाही तर पहिल्याच पावसात घरात पाणी उतरते. अंदाजपत्रकात या सांध्याचा उल्लेखच नसेल, तर ते स्वस्त नव्हे, अपुरे समजावे.

वाजवीपेक्षा कमी दर हाही धोक्याचाच इशारा होय. ही बचत बहुधा दिसत नाही अशा ठिकाणी केली जाते : पायाच्या खोलीत, सिमेंटच्या प्रमाणात, पाणी मारण्याच्या दिवसांत. भारतीय मानक ४५६ : २००० अन्वये साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस ओलावा राखावा लागतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू सात दिवसांच्या आत व त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांच्या आत काढू नयेत, असा दंडक आहे. मे महिन्याच्या अखेरीस उरकलेल्या कामात हे दिवसच कापले जातात.

तुलनेसाठी किमान तीन अंदाजपत्रके घ्यावीत. परंतु तिघांनाही एकच नकाशा व बाबींची एकच यादी द्यावी. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हे दुसरे साधन होय. शाळेची खोली वा अंगणवाडी यांची अंदाजपत्रके अशा दरसूचीवरूनच तयार होतात, हे पंचायत सदस्यांना ठाऊकच आहे. खासगी काम तंतोतंत त्या दराने होईल असे नाही. परंतु एखादी बाब दीडपट वा निम्मी दिसली, तर बोट नेमके कोठे ठेवावे हे त्यावरून कळते.

दर ठरल्यावर लेखी करार करावा. मोठी उचल एकदम देऊ नये. जोते, भिंती, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी, झालेले काम मोजून रक्कम द्यावी. पाच ते दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावी आणि तशी अट करारातच घालावी; गगनबावड्याच्या पावसासारखा परीक्षक दुसरा नाही. गवंड्याच्या मजुरांचे आठवड्याचे पगार मात्र अडवून ठेवू नयेत. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ अन्वये लागणारी परवानगी काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. गृहबांधणीची सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते; पण तेथे कागदच बोलतो.

या कामी शिक्षकांचा व पंचायत सदस्यांचा मोठा उपयोग होईल. ब्रासचा हिशेब हे शाळेतील घनफळाचेच गणित आहे. वर्गाची खोली मुलांकडून मोजून घेतली, तर तो हिशेब संध्याकाळी घरोघर पोहोचेल. बाबींच्या यादीचा एक नमुना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास फारसा खर्च येणार नाही.

बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य यांनी आरमारासाठी लाकूड घेतानाही रयतेचे झाड बळाने तोडू नये, जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून व मोल देऊन न्यावे, असे बजावले होते. रास्त व्यवहाराची हीच कसोटी आजही लागू पडते. घेणारा व देणारा दोघेही हिशेब समजून राजी असले पाहिजेत. तसे झाले, तर आषाढातल्या झडीत नव्या खोलीत कोरड्या जमिनीवर अंथरूण पडेल आणि गवंड्यालाही पुढच्या दिवाळीला त्याच गावात दुसरे काम मिळेल.