खाणीतल्या पाण्याचे देणे कोणाचे?

(मारुंजी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे रस्ते, पूल व इमारती भोवतालचे डोंगर फोडून उभ्या राहिल्या. मोशी-वाघोलीच्या दगडखाणींनी या महानगराला खडी पुरवली. स्वामित्वधन सरकारजमा झाले, नफा मालकाकडे गेला, दगड फोडणाऱ्या वडार मजुराच्या वाट्याला रोजंदारी आली. मागे उरला खड्डा आणि त्यात साचलेले पाणी. दगडाचा हिशेब ब्रासमध्ये होतो. या पाण्याचा हिशेब कोणी मागत नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी असते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की या भेगा उघड्या पडतात आणि शेजारच्या विहिरीकडे जाणारे पाणी खाणीकडे वळते. जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेला साठा उघड्यावर येतो. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर एका हेक्टरच्या पाणपृष्ठावरून रोज 60 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, हवेत विरतात. आणि हे घडते ते नेमके मारुंजी-हिंजवडी पट्ट्यातील वस्ती टँकरची वाट पाहत असते त्या महिन्यांत.

यावर खाणमालकांचा युक्तिवाद ठरलेला आहे: खड्ड्यात पावसाचे पाणी साठते, ते मुरते, उलट गावाचा फायदाच होतो. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. भूजलपातळीच्या वर थांबलेली खाण तळ्याचे काम करू शकते. म्हणूनच प्रत्येक खाणीचा जमाखर्च मांडला पाहिजे. पावसाची जमा धरावी, उन्हाळ्याचा खर्चही धरावा. फायदा मोजायचा आणि तोटा आकाशावर सोडायचा, याला हिशेब म्हणत नाहीत.

बाष्पीभवन मोजणे ही काही नवी कल्पना नव्हे. मुळा-पवनेचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते. त्या कृष्णेचे वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने 1976 च्या अंतिम निर्णयात स्पष्ट केले की, मानवनिर्मित जलाशयांतून व इतर बांधकामांतून होणारे बाष्पीभवन हा त्या त्या राज्याने केलेला पाणीवापरच होय. म्हणजे महाराष्ट्राने कर्नाटकापुढे आणि आंध्रापुढे या वाफेचा हिशेब द्यायचा. पण खाणमालकाने शेजारच्या शेतकऱ्यापुढे तो द्यायचा नाही. हा कोणता न्याय?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने हा प्रश्न तडीस नेला आहे. भूजल उघडे पाडणारा वाळू-खडीचा खड्डा कायद्याने विहीरच ठरतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली दिला. त्यानंतर 1989 च्या कायद्याने 1980 अखेरपर्यंत उघडे पडलेले खड्डे बाष्पीभवनाच्या भरपाईतून वगळले. पुढच्या खड्ड्यांवर मात्र वाफ झालेल्या पाण्याइतके पाणी नदीप्रणालीला परत देण्याचे बंधन राहिले. तेथील व्यवस्था 'ज्याचा वापर आधी, त्याचा हक्क आधी' या मालकीच्या तत्त्वावर उभी आहे. ते तत्त्व समाजवाद्यांना स्वीकारता येणार नाही. तथापि नुकसान करणाराने भरून द्यावे, ही शिस्त घेण्याजोगी आहे.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. 1882 च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला पायाखालच्या पाण्याचा जवळजवळ निरंकुश उपभोग दिला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गौण खनिजांवर सरकारचा अधिकार सांगितला. 2009 च्या भूजल अधिनियमाने विहिरींच्या नियमनाची चौकट आणली. मात्र खाण ही खनिजाच्या फायलीत आणि विहीर पाण्याच्या फायलीत, अशी फाळणी कायम राहिली. या दोन फायलींच्या मधल्या फटीतून पाणी जाते.

याउलट पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, हे त्याचे सूत्र होते. खाणीच्या पाण्यालाही तेच लागू केले पाहिजे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक खाणीचे क्षेत्र, खोली आणि उन्हाळ्यातील पाणीपातळी यांची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. भूजलाखाली जाणाऱ्या खाणीला विहिरीचे नियम लावावेत आणि भरपाईची योजना सादर झाल्याखेरीज परवाना देऊ नये. जुन्या, बेवारस खाणींचे दायित्व 2015 च्या कायदादुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतून उचलावे. भराव टाकायचा तर तो स्वच्छ मुरुमाचा असावा, शहराच्या कचऱ्याचा नव्हे. आणि साठलेल्या पाण्यावर पहिला हक्क गावाच्या पिण्याचा असावा.

मारुंजी ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हा जमीन डोळ्यांदेखत बुडत होती. आज जाणारे पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी लढा उभारणे अधिक कठीण आहे. त्याची सुरुवात घोषणेने होणार नाही. मोजपट्टी घेऊन खाणीच्या काठावर जाण्याने होईल.